साडेसातची, आठची आणि साडेआठची

आयपीएल संपली की वाहिन्यांना जाग येते. दोन महिने क्रिकेटपुढे मान खाली घालून बसलेल्या जुन्या मालिका भराभर गुंडाळल्या जातात. बारा वर्षांचा गैरसमज एका आठवड्यात मिटतो, खलनायिका देवापुढे हात जोडते आणि नव्यांचे प्रोमो सुरू होतात. यंदाच्या प्रोमोंत कोकण आहे. कोकण म्हणजे समुद्र, समुद्रावर पळणारी मुलगी, तिच्या कमरेवर आंब्याची पाटी आणि समोरून येणारी मुंबईची काळी गाडी. गाडीतून उतरणारा तरुण श्रीमंत, तुसडा आणि आईवेगळा असणार, हे सांगायला जोशीबुवा नको. पाटी घेऊन कोणी भर वाळूत पळत नाही, पळालं तर आंबे डागी होतात आणि पेटीला भाव मिळत नाही, हेही तिथे कोणी सांगितलं नसावं.

आमच्या घरात मालिकांना नावं नाहीत. म्हणजे असतात, पण हल्ली ती एवढी लांबलचक, की म्हणेपर्यंत ब्रेक लागतो. म्हणून साडेसातची, आठची, साडेआठची. बघणाऱ्या आम्ही तिघी. सासूबाई गुहागरकडच्याच, मी चिपळूणची, आणि धाकटी जाऊ मालवणची. पुरुषमंडळी पडवीत बसतात आणि ‘आम्ही नाही बघत असलं काही’ म्हणतात. जमिनीचे कागद कपाटातून कोणी पळवले, हे मात्र त्यांना आमच्याआधी ठाऊक असतं.

‘बघणाऱ्या’ म्हटलं खरं, पण आम्ही बघतो कमी, ऐकतो जास्त. साडेसात ते नऊ हा काही रिकामा वेळ नव्हे. आषाढ संपेपर्यंत सुकट निवडणं असतं. सूप मांडीवर, एका हाताने डोकं खुडायचं, दुसऱ्याने शेपूट, मधला गर सुपात आणि कचरा कागदावर. बोटांना सवय झाली की नजर लागत नाही, पण मधूनच एखादा काटेरी मिशीवाला नखात घुसतो तेव्हा खाली बघावंच लागतं. श्रावण लागला की वाल. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढून कोमट पाण्यात टाकलेले. चिमटीत धरून जरा दाबला की दाणा सालीतून सुळकन बाहेर येतो आणि नेम चुकला तर टीव्हीखाली जातो. बिरड्याएवढे वाल सोलायला दोन मालिका पुरत नाहीत.

तर अशी डोकी खाली असतात आणि कान वर. मालिका लिहिणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, असं माझं मत. नाहीतर तीस वर्षं एका छपराखाली राहणारी माणसं एकमेकांना असं का सांगतील, ‘वहिनी, तुम्ही माझ्या मोठ्या भावाच्या बायको आहात, आणि या घराण्याच्या थोरल्या सूनबाई म्हणून...’? शहरातले शहाणे याला हसतात. पण ते वाक्य त्या वहिनीसाठी नसतंच. ते आमटीला फोडणी देत असलेल्या बाईसाठी असतं, जिचा कालचा भाग चुकलाय. तोंडावर कॅमेरा तीनदा आपटतो आणि तीनदा ‘ढँग’ होतं, तेही त्यासाठीच. पहिल्या ढँगला झारा खाली ठेवायचा, दुसऱ्याला हात पुसायचे, तिसऱ्याला दारात यायचं. नियमाने तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. तेवढ्यात पाण्याची मोटर बंद करून, गोठ्याचा दिवा मालवून, भाताला कुकर लावून परत येता येतं. सगळं घर या बेताने चालतं, त्यामुळे त्या ढँगला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि तीही कानाचीच.

साडेसातची मालिका आमच्या कोकणातली. प्रोमोत गाव ‘रत्नागिरीजवळचं’ म्हणून सांगतात. पहिल्या भागात नायिकेने तोंड उघडलं आणि ‘काय झाला? माका काय सांगतंस!’ म्हणाली. सासूबाईंनी सुपातून मान वर केली. ‘ही कुठली गो, वेंगुर्ल्याची काय?’ त्यांचं बरोबर होतं. रत्नागिरी, गुहागर, संगमेश्वर इकडे मालवणी बोलत नाहीत. आमच्याकडे संगमेश्वरी, वर दापोली-मंडणगडाकडे गेलं की बाणकोटी, कोळीवाड्यात आणखी वेगळी, आणि बंदरावरच्या मुसलमान मोहल्ल्यात त्यांची स्वतःची कोकणी. पाच-सहा कोसांवर हेल बदलतो. मुंबईच्या लेखकाला पनवेल सोडलं की थेट मालवण लागतं, मधे काही नाही. बरं, मालवणी तरी धड असावी? वाक्य साधं मराठी लिहायचं आणि शेवटी ‘आसा’ चिकटवायचं, असा प्रकार. मालवणच्या माणसाला हे सगळ्यात जास्त लागतं. जाऊ म्हणाली, ‘वैनीनू, ही खंयची मालवणी? ही दादरची.’

जमतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागली, चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरीत, आणि रात्रीच्या वेळी अख्ख्या महाराष्ट्राने घरात बसून मालवणी ऐकली. भुताखेतांवरून इकडे पुष्कळ जणांची नाकं मुरडली, माझंही. जो उठतो तो कोकणात भुतंच शोधतो. पण तिथला पांडू बोलायला लागला की जाऊ सूप बाजूला ठेवून हसायची, कारण तो तिच्या माहेरच्या शेजाऱ्यासारखा बोलायचा. २०१९ आणि २०२१ मध्ये पुढची पर्वं आली, तोवर मालिकेतला तो वाडा बघायला गाड्या भरभरून माणसं जायला लागली होती. बोली नीट बोलली तर पुण्या-नागपूरच्या माणसालाही कळते, हे तेव्हाच सिद्ध झालं. तरीही यंदा आम्हाला ‘आसा’ची शेपटी.

आणि हे कोकण टिकतं किती? महिनाभर फार तर. पहिले वीसेक भाग समुद्र, माडबन, देवळाची दीपमाळ. मग नायिकेचं लग्न होतं, ती मुंबईला जाते आणि मालिका घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओतल्या दोन जिन्यांच्या दिवाणखान्यात कायमची जाऊन बसते. त्यामागचं गणितही कळतं म्हणा. सेट एकदा उभा केला की रोज तिथेच चित्रण, पाऊस नको, ऊन नको, पन्नास माणसांची राहायची-जेवायची सोय नको. गाव फक्त फोनवर उरतं. आई फोन करते, मागे लाटांचा आवाज सोडतात, की झालं कोकण. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. फोनवर बोलताना मागे लाटा नाही, शेजाऱ्यांचा ग्राइंडर ऐकू येतो.

आठचीबद्दल फार बोलत नाही. दोन भाऊ, एक कंपनी, एक मृत्युपत्र. घरातल्या बायका झोपतानाही नथ काढत नाहीत. सासूबाईंचा एकच प्रश्न असतो, ‘हिला घरात काय काम हाय का न्हाय?’ तो त्या पहिल्या दिवसापासून विचारतायत आणि उत्तर अजून आलेलं नाही. जिन्यावरून उतरणं आणि पडद्याआडून ऐकणं, एवढीच कामं दिसतात.

सणांचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे ही मंडळी उघडी पडतात. मागच्या कोकणातल्या मालिकेत गणपती आला. मूर्ती पुरुषभर उंच, मागे थर्माकोलचा महाल, सगळ्या बायका एका रंगाच्या पैठण्यांत, आणि एकीच्याही हाताला मोदकाची उकड लागलेली नाही. जाऊ बघतच राहिली. तिच्या माहेरी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपाऱ्या, कवंडळं असलं रानातलं बांधतात. त्यासाठी आदल्या दिवशी पोरं रान तुडवत फिरतात. ‘माटवी खंय आसा?’ ती टीव्हीला विचारत होती. शिमग्याची तर तऱ्हाच. आमच्याकडे शिमगा म्हणजे ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येणार, नमनाचे खेळे येणार, काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा, उंच टोपीचा संकासूर पोरांच्या मागे धावणार. मुंबईत नोकरीला असलेला माणूस एक वेळ दिवाळी चुकवेल, पालखी चुकवणार नाही. मालिकेत काय, तर पांढरे कपडे, गुलाल आणि भांगेचा पेला. त्या पेल्यात काहीतरी मिसळलेलं.

मला कोणी विचारेल, एवढं खुपतं तर बघता कशाला? तेच ते, तेच ते असतं म्हणतात. पण तेच ते असण्याला आम्ही कधीच कंटाळलो नाही. जाऊ लहानपणापासून जत्रेत दशावतार बघत आली. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, कुठल्याही कंपनीचा असो. आख्यान ठरलेलं, शेवट ठरलेला, राजा कोण, राक्षस कोण, सगळ्यांना पाठ. तरी माणसं थंडीत गोधडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. कारण संवाद लिहिलेले नसतात. पात्रं उभ्या उभ्या बोलतात, आणि आज हा राजा त्याला काय उत्तर देतो, ते ऐकायला माणूस बसतो. शिवाय तिथे एक शिस्त आहे, उजाडायच्या आत राक्षस मरतो. मग दहीकाला होतो आणि सगळे घरी जातात. मालिकेत राक्षसीण तुरुंगात जाते, सुटते, कड्यावरून पडते, तोंड बदलून परत येते. ‘ह्यां आमच्याकडे एका रातीत आटापला असता,’ जाऊ म्हणते. गोष्ट नवी नसली तरी चालेल, बोलणं नवं हवं. यंदाच्या तिन्हींना मी याच मापाने मोजते, आणि पहिल्या दोन नापास आहेत.

साडेआठची पास आहे, काठावर का होईना. बिनसमुद्राची मालिका. एक मध्यमवर्गीय घर, चाळिशीची बाई, तिला डबे करून द्यायचा धंदा काढायचाय. नवरा वाईट नाही, नुसता घाबरट आहे, आणि खलनायिका कोणी नसल्यामुळे बँकेच्या हप्त्यालाच ते काम करावं लागतं. यातलं काही फार थोर नाही. पण त्या घरात एक मावशी आहे. बहुतेक भरतीची म्हणून घेतलेली असावी, कारण पहिल्या आठवड्यात तिला कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं. मग कोणीतरी तिला बोलायला दिलं. ती कोणाला नातं सांगत नाही, उपदेश करत नाही, ढँग होऊ देत नाही. भाचीजावई अर्धा तास धंद्यातले धोके समजावून सांगतो आणि ही मागून विचारते, ‘भाजी चिरू ना मग?’ कणीक मळता मळता बोलते, आणि कणीक खरी असते. मळून झालेला गोळा तांब्याखाली झाकून ठेवते. मालिकेत एखादं काम सुरू होऊन संपलेलं मी बऱ्याच काळानंतर बघितलं.

नमन म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, त्यातल्या गवळणीत एक मावशी असते. पुरुषच लुगडं नेसून येतो, कृष्णाने वाट अडवली की गौळणींच्या वतीने भांडतो आणि पेंद्याची खेचतो. देवाला चार गोष्टी सुनवायची मुभा त्या एकीलाच. ही मावशी त्याच घराण्यातली. ती बोलायला लागली की पडवीतून रेडिओ बारीक होतो. सासूबाई हसत नाहीत, फक्त ‘हं’ म्हणतात. त्यांचं ‘हं’ सहज मिळत नाही.

अडचण एवढीच, की तिची वाक्यं नेमकी सरीत सापडतात. टीव्हीच्या डिशवर, म्हणजे आमच्या छत्रीवर, येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस. जोराची सर आली की थेंबच त्या लहरी खाऊन टाकतात. मावशी तोंड उघडते, चित्र चौकोनी चौकोनी होतं आणि ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. फोनवर ॲपमध्ये बघावं तर रेंज वडाच्या पाराजवळ. मग दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनःप्रक्षेपण, त्यातही वीज टिकली तर. परवा असाच भाग गेला तेव्हा जाऊने माहेरी फोन लावून आईकडून मावशीचं वाक्य मिळवलं, मालवणीत. मूळ वाक्यापेक्षा ते बरं होतं, हे दुसऱ्या दिवशी मूळ ऐकल्यावर कळलं.

कालच्या भागात त्या मावशीच्या नावाने गावाहून पत्र आलं, आणि ते वाचताना तिच्या तोंडावर कॅमेरा एकदा आपटला. लक्षण ठीक नाही. एक तर तिला काशीला पाठवतील, नाहीतर तिचा हरवलेला मुलगा काळ्या गाडीतून उतरेल. तसं झालं तर साडेआठला सुकट निवडायला आम्ही पडवीत रेडिओपाशी जाऊ, असं सासूबाईंनी जाहीर केलं आहे, आणि पडवीतले लोक आत्तापासूनच जागा सोडायला तयार नाहीत.