आमची वाटचाल : पासपोर्ट फोटो ते चप्पल लाईनचं इन्स्टाग्राम

2014 ला कोल्हापुरात राजारामपुरीत स्टुडिओ टाकला तेव्हा पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, मधूनच एखादं बारसं, एवढंच काम. प्रॉडक्ट फोटोकडं वळलो ते चप्पल लाईन, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीतल्या तात्यांमुळं. त्यांचा मुलगा दुकानातल्या ट्यूबलाईटखाली मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा, त्यात कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल काळपट दिसायची, मग पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक माल हातात आल्यावर म्हणायचं फोटोत वेगळा कलर होता, परत घ्या. तात्या एक दिवस पिशवीभर चपला घेऊन स्टुडिओत आले आणि म्हणाले, "हाय तशी दिसू दे बाबा, लई भारी दिसायला नगं." आमची पॉलिसी म्हणाल तर आजपण हीच आहे.

हाय तशी दिसायला किती उपद्व्याप लागतात ते फोटोच्या धंद्यातल्यांना माहितीये. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, प्रत्येक लॉटचा रंग वेगळा, त्यामुळं प्रत्येक लॉटला ग्रे कार्ड, म्हणजे करडा पुठ्ठा, धरून व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगाचा हिशोब, नव्याने सेट करायचा, आळस चालत नाही. सॉफ्टबॉक्स, म्हणजे पडद्याआडचा मऊ लाईट, एकच, तो पण बाजूला आणि खाली, म्हणजे चपलेवरच्या वेणीची वीण उठून दिसते, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट. तेल लावलेल्या चामड्याची चमक लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून घालवायची. आता गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, लोक साज (गळ्यातला दागिना) घेऊन आले तेव्हा तोच पोलरायझर लावला तर काही उपयोग नाही, कारण उघड्या धातूची चमक त्यानं कटत नाही, तिथं बटर पेपरचा तंबू आणि कडेला काळा कार्डपेपर, मग मण्यांना कडा येते. माझी जुनी 50 एमएम लेन्स अजून चालू आहे, फोकस रिंग थोडी ढिली झालीये पण विकणार नाही.

2019 चा पूर आला, गेला. लॉकडाऊनमध्ये उलट काम वाढलं कारण शटर बंद आणि सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर कॅटलॉग पाहिजे. ते असो.

खरं रामायण 2022 ला सुरू झालं. आमच्याच रोडला एक एजन्सी आली, नाव घेत नाही, घेतलं तर फुकट जाहिरात होईल. पॅकेज काय, तर महिन्याला 30 पोस्ट, आमच्या निम्म्या रेटमध्ये. आता 30 पोस्ट भरायच्या कशानं? दिनविशेष! एकादशी, जागतिक चहा दिन, मालकाचा कोट घातलेला फोटो, कोपऱ्यात लोगो, खाली दोन मोबाईल नंबर. साडीच्या दुकानाला नेटवरची कुठली तरी परदेशी मॉडेल. आणि गंमत म्हणजे लोक गेले ना तिकडं, एकेक करत गेले, ज्यांच्या दुकानात आम्ही रात्री शटर ओढून शूट केलं तेच गेले. मला म्हणाले, "तुम्ही महिन्याला आठच फोटो देता, ते 30 देतात." हिशोब बरोबर आहे त्यांचा, काय बोलणार. हाताखालच्या पोराला कामावरनं काढावं लागलं, मोठा लाईट सेट विकला, स्टुडिओचं भाडं थकलं, परत पासपोर्ट फोटोवर आलो. घरात बायको म्हणाली बास करा, भावाच्या दुकानात बसा. तात्या तेवढे हलले नाहीत, पैसे महिन्याआधी द्यायचे आणि वर चहा पाजायचे.

एक दिवस तात्यांचा मुलगा मोबाईल दाखवत आला. त्या एजन्सीनं आमचाच फोटो, तात्यांच्याच चपलेचा, वॉटरमार्क क्रॉप करून दुसऱ्या दुकानाच्या पेजवर लावलेला! ओळखायला वेळ लागला नाही, उजव्या अंगठ्याचा टाका जरा तिरका होता, तो जोड मीच सिलेक्ट केलेला. मी वकिलाकडं गेलो तर तिथं वेगळाच झटका. 1957 च्या कॉपीराईट कायद्यात कलम 17 आहे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरनं फोटो काढला तर वेगळा करार नसेल तोवर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे घाम माझा आणि फोटो तात्यांचा. इन्स्टाग्रामला कॉपीराईटचा रिपोर्ट पण मालकानंच किंवा त्यानं नेमलेल्या माणसानंच करायचा. तात्यांनी पोराला शेजारी बसवून फॉर्म भरला, पोस्ट उडाली, मग त्यांनी अख्ख्या चप्पल लाईनला सांगितलं कोण कुणाचे फोटो चोरतंय. त्यानंतर जे परत आले त्यांना मी जुन्या रेटला घेतलं नाही, वाईट वाटलं तर वाटू दे.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. चपलेच्या एका फोटोत तरी पाय दिसू दे, माप कळतं. फोटोवर अक्षरं कमी घाला. फेसबुकनं जाहिरातीतल्या फोटोवर 20 टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर नको हा नियम 2020 मध्ये काढला म्हणून काय अख्खी लग्नपत्रिका छापायची नसते, मोबाईलवर काही वाचता येत नाही. 1080 बाय 1350 पिक्सेलचा उभा फोटो द्या, स्क्रीनवर जागा जास्त घेतो. जानेवारी 2025 ला इन्स्टानं प्रोफाईलचे चौकोन उभे केले तेव्हा ज्यांनी दुकानाचं नाव अगदी कडेला चिकटवलेलं त्यांची अर्धी नावं कापली गेली, आम्ही पहिल्यापासून कडा रिकाम्या ठेवतो म्हणून आमच्या गिऱ्हाईकांना फोन करायची वेळ आली नाही. आणि डिझायनरला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वेणीची वीण जाते आणि मग फोटोग्राफरला शिव्या.

हल्ली आम्ही साधं एक पान लिहून घेतो, फोटो कुणाचा आणि कुठं वापरायचा. पण आधीच्या फोटोंचं काय? गुजरीतल्या एका दुकानासाठी काढलेला साजाचा फोटो अजून त्या एजन्सीच्या पेजवर आहे, 'आमचं काम' म्हणून वर पिन केलेला. ते दुकान बंद झालं, मालक मुलाकडं पुण्याला गेले. दोनदा फोन केला, म्हणतात, "जाऊ दे हो, आता कशाला." रिपोर्ट त्यांनाच करायला लागतो, नाहीतर त्यांनी कुणाला तरी नेमायला लागतं. दिवाळीनंतर परत एकदा फोन करणार आहे.