जुन्या फियाटचे पार्ट शोधायला निघालात? आधी हे वाचा

"मुंबईच्या चोर बाजारात जा, सगळं मिळतं" असं सांगणाऱ्याला विचारा, बाबा रे, तू स्वतः तिथून शेवटचा पार्ट कधी आणलास? मला सांगणाऱ्यांपैकी एकालाही याचं उत्तर देता आलं नाही. चोर बाजारात फियाटचं जे मिळतं ते दिवाणखान्यात मांडण्यापुरतं. हेडलाइटच्या रिंगा, चाकांचे कप, घासून चकचकीत केलेले मोनोग्राम. गाडी चालायला लागणारं मला तरी काही दिसलं नाही. हौस असेल तर शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल मांडून बसतात तिथे चक्कर मारा. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं मात्र शुक्रवारी बंद असतात.

माझी गाडी 1968 ची फियाट 1100 डी, सासऱ्यांकडून आलेली. हवे होते ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकात बसून ब्रेक दाबणारे), कार्बोरेटर, ड्रायव्हरच्या दाराची काच वरखाली करायचं मशीन आणि मागच्या दिव्याची काच. 1089 सीसीचं इंजिन आणि खालचं बरंचसं सामान पुढे पद्मिनीतही (याच गाडीचं नंतरचं नाव) तेच राहिलं. त्यामुळे वाटतं, ज्या शहरात इतकी वर्षं काळ्यापिवळ्या पद्मिनी धावल्या तिथे पार्टना काय तोटा? तोटा आहे. गाडी बनायची बंद झाली तरी टॅक्सीवाल्यांमुळे माल फिरत होता. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली आणि रोजचं गिऱ्हाईक संपलं. बऱ्याच दुकानदारांनी माल वजनावर भंगारात काढला. ज्यांनी ठेवला त्यांनी भाव बदलले.

ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, पॅकिंग विनातक्रार मिळालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते त्या पोटमाळ्याबद्दल. दुकानाचं नाव सांगत नाही. गल्लीत आत, पाटी नाही, पुढे सात-आठ फुटांचा गाळा आणि छतातल्या चौकोनी भोकातून वर जाणारी लोखंडी शिडी. वर उभं राहता येत नाही. पंखा नाही. ऑक्टोबरची दुपार होती, पत्र्याचं छप्पर डोक्याला लागत होतं. फियाट, अॅम्बेसेडर, जीप, लँडमास्टर, सगळ्यांचा माल एकाच ढिगात. खोकी आहेत, पण खोक्यावर लिहिलेलं आणि आतलं यांचा काडीचा संबंध नाही. क्लच प्लेटच्या खोक्यात दाराची हँडलं, बेअरिंगच्या खोक्यात घड्याळाचे काटे. कुठे काय आहे ते फक्त मालकाला माहीत, आणि मालक गुडघ्यांमुळे वर येत नाही. तो खालून ओरडतो, "लेफ्ट में, ड्रम के पीछे देखो." ड्रम तीन असतात.

तासाभराने धूळ खात खाली आलो की तो एकच प्रश्न विचारतो, "टॅक्सी का है या शौक का?"

सगळा भाव या प्रश्नावर ठरतो. टॅक्सी उरलेल्या नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला पाहायचं असतं तुम्ही काय उत्तर देता ते. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मेहुण्याने मोबाइलवर गाडीचा फोटो पुढे केला, नवा रंग, पांढऱ्या पट्ट्यांचे टायर. 600 रुपयांचं व्हील सिलिंडर तिथल्या तिथे 2,800 झालं. घासाघीस करून 2,200. हा भाव लुटीचा आहे. वर "इंडिया में आखरी पीस है" हे फुकट. आखरी पीसची अख्खी गोणी मी वर पाहून आलो होतो.

तेव्हा फोटो दाखवू नका. मेहुण्याला नेऊ नका. जुना पार्ट काढून, तेलकट आहे तसाच, पिशवीतून न्या आणि काउंटरवर ठेवा. बोलणं आपोआप कामाचं होतं. बरोबर टॉर्च, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आणि चुंबक हवं. चुंबक चिकटलं तर हँडल जस्ताच्या ओतीव कामाचं नाही, पत्र्याची नक्कल आहे. पाणी प्या, पण खाली उतरून. वर बाटली सांडली तर त्याचेही पैसे लावेल असा माणूस आहे.

कोरा, सीलबंद माल बघून हुरळू नका. लोखंड टिकतं, रबर टिकत नाही. ब्रेकचे वायसर (सिलिंडरमधल्या रबरी वाट्या), ऑइल सील, नळ्या खोक्यात पडून पडूनही कडक होतात. नख दाबा, थोडं वाकवा, बारीक चिरा दिसल्या की परत ठेवा. ब्रेकच्या बाबतीत "चालून जाईल" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नका.

सोलेक्स कार्बोरेटर मला कुर्ल्याला, सीएसटी रोडला मिळाला. तिथे गाड्या तोडून माल विकतात, त्यामुळे पार्ट वापरलेला असतो हे मान्य करूनच जायचं. चंदेरी रंग मारलेला कार्बोरेटर सरळ नाकारा, रंग झीज लपवायलाच असतो. थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवा. खुळखुळला तर हवा ओढणार आणि गाडी कधीच नीट आयडल होणार नाही, म्हणजे उभी असताना इंजिन एकसारखं चालणार नाही. खालच्या फ्लँजवर (इंजिनावर बसणाऱ्या सपाट कडेवर) पोलादी पट्टी ठेवून उजेडात धरा, फट दिसली तर पुढचं दुकान. दाराचं मशीनही इथेच मिळालं, 700 रुपयांत, कुणी शौक विचारला नाही. पावसाळ्यात मात्र या बाजूला फिरकू नका.

सुटं इंजिन स्वस्तात देऊ करतील. कागद नसतील तर हात लावू नका. आरसीवरचा नंबर जुळला नाही की आरटीओत अडकलात. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल (2021 च्या नियमांनी व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी 20,000 रुपये), तर चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.

आणि ते 2,200 चं व्हील सिलिंडर? घरी आणून उघडलं, आत गंजाचे खड्डे. शेवटी गाडीची जुनी सिलिंडरंच लेथवाल्याकडे नेली. त्याने बोअर करून पितळी स्लीव्ह बसवली, नवे वायसर टाकले, ब्रेक पहिल्या दाबाला लागतो. चारही चाकांचा खर्च पोटमाळ्यावरच्या दोन नगांपेक्षा कमी आला. ब्रेकचं सामान शोधत फिरूच नका, थेट लेथवाला गाठा. दिव्याची काच अजून मिळालेली नाही, पण त्या शिडीवर मी पुन्हा चढणार नाही.