उसवलेला किमोनो

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. भाचीने तिथून एक जुना रेशमी किमोनो आणला. बाहीवर चहाचा असावा तसा डाग, म्हणून स्वस्तात मिळालेला. "मावशी, याचा कुडता शिव," म्हणाली. मी ब्लेड घेऊन उसवायला बसले.

पाठीची शिवण सुटली आणि आत कापडाचा मूळ विणलेला काठ निघाला. बाहीची सुटली, तिथेही काठ. अर्ध्या तासात पलंगावर नुसत्या सरळ पट्ट्या पडल्या होत्या. जेमतेम ३६-३७ सेंटिमीटर पन्हा. मुंढ्याचा गोल नाही, कंबरेची चुण नाही, गळ्याशी काय ती एक चीर. साधारण बारा मीटरच्या ताग्यातून सगळा किमोनो निघतो आणि खाली चिंधी पडत नाही. पूर्वी धुवायचा झाला तरी असाच उसवत. पट्ट्या टोकाला टोक जोडून पुन्हा लांब कापड करायचं, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवायचं आणि परत शिवायचं. एवढा व्याप! मला साडीला पिको करून आणायचाही कंटाळा.

पॅरिसच्या फॅशनवाल्यांनी किमोनोकडून खूप घेतलं, पण सगळ्यांनी सारखं नाही घेतलं. २००७ साली जॉन गॅलियानोने दिऑरसाठी 'मादाम बटरफ्लाय' या जपानात घडणाऱ्या ऑपेरावरून अख्खा संग्रह केला, एका कोटाच्या घेरावर तर जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट उसळते. दिपून जायला होतं, नाही कशाला म्हणू? पण ते किमोनोचं चित्र झालं. मादलेन व्हिओनेने १९२० च्या सुमारास कापडाचे चार चौकोन टोकांवर तिरके लटकवून झगा केला. त्यावर ना बगळा, ना चेरीचं फूल, आणि तरी मला तोच किमोनोचा जवळचा नातलग वाटतो. कापड शरीराबरहुकूम कापायचं नाही, शरीरावरून पडू द्यायचं, हे तिला उमगलं होतं.

भरतकामाची तर जपानी लोकांना एवढी ओढ की १६८३ साली शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाच्या, सरकारला बायकांच्या कपड्यांवर त्याची बंदी घालावी लागली. सरकारने बंदी घातली म्हणून हौस थोडीच थांबते! बाहेरून साधा रंग ठेवायचा आणि चैन अस्तरावर करायची, अशी रीतच पडली.

या किमोनोच्या खांद्यावर मात्र उघडउघड एक प्लमचं फूल आहे. पीळ न घातलेल्या रेशमाचं, म्हणून मान जरा हलवली की पाकळ्यांचा रंग फिरतो. फूल नेमकं शिवणीवर होतं. अशी नक्षी काढताना कपडा आधी कच्चा टाचतात, शिवणीवरूनच रेघ ओढतात, मग उसवून एकेक पट्टी रंगवतात, भरतात. म्हणजे हे फूल माझ्याआधी एकदा दुभंगलेलं होतंच, आणि कुणीतरी ते टाका टाका जुळवलं होतं.

आता तीन पाकळ्या पाठीच्या पट्टीवर, दोन बाहीवर. कुडत्याचा मुंढा बरोबर तिथूनच कापावा लागेल. भाची रोज फोनवर विचारते. मी सांगते, अस्तर मिळत नाहीये.