35 टक्के एक्स्ट्रा 300 एस, नोंद 4: एक एलेरॉन, दोन सर्वो

मंडळी, रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मोठ्या मॉडेल विमानाच्या बांधणीत मागच्या नोंदीत बिजागऱ्यांपर्यंत आलो होतो. पंखांतले सर्वो (रिमोटच्या हुकमाने विमानाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) एका दिवसात उरकतील असा अंदाज होता. एकट्या डाव्या पंखाने तीन संध्याकाळी घेतल्या, आणि त्यातला एक तासही वाया गेला असं मला वाटत नाही.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात: मूळ एक्स्ट्रा 300 एस हे हवाई कसरतींचं खरं विमान, एकआसनी, पंखांचा विस्तार 7.5 मीटर. त्याच्या 35 टक्के म्हणजे आपलं मॉडेल 2.6 मीटरच्या जरा वर. नाकावर 120 सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारी पंखाच्या मागच्या कडेची झडप, मीटरभर लांब आणि थ्रीडीसाठी (जवळजवळ जागच्या जागी करायच्या टोकाच्या कसरतींसाठी) तिला 45 अंशांच्या आसपास हलायचं असतं. एकाच सर्वोने ती ढकलली तर दुसरं टोक पिळवटतं, म्हणून प्रत्येक एलेरॉनला दोन सर्वो.

दोन सर्वो लावले की ताकद दुप्पट होते हे खरं, पण दोघे अगदी एकसारखे चालले तरच. नाहीतर ते एकमेकांशीच झुंजतात. जमिनीवर फक्त बारीक गुणगुण ऐकू येते. हवेत मात्र बॅटरी उतरते, मोटर तापते आणि एखाद दिवशी गिअरचे दात जातात.

सुरुवात आर्मपासून, म्हणजे सर्वोच्या शाफ्टवर बसणाऱ्या दांडीपासून केली. आर्म बिजागरीच्या रेषेशी समांतर आणि पुशरॉडशी (सर्वोकडून एलेरॉन ढकलणाऱ्या सळीशी) काटकोनात हवा, तोही ट्रान्समीटरच्या सबट्रिमला (सर्वोची मधली जागा किंचित सरकवणाऱ्या सेटिंगला) हात न लावता. सर्वोच्या शाफ्टला 25 दात आहेत, म्हणजे एक दात सरकवला की आर्म 14.4 अंश फिरतो. एकेरी आर्मला मधली जागा मिळत नाही. दुहेरी आर्म असेल तर तो उलटा फिरवून बघा: 25 ही विषम संख्या असल्यामुळे 180 अंश फिरवल्यावर अर्ध्या दाताचा, म्हणजे 7.2 अंशांचा फरक पडतो. माझे दोन्ही आर्म असेच बसले. उरलेल्या अंश-दीड अंशापुरताच सबट्रिम वापरला.

तसंच 45 अंशांसाठी आर्मची लांबी आणि हॉर्नची (पुशरॉड जोडायला एलेरॉनवर चिकटवलेल्या भोकाच्या खुंटाची) उंची यांचं असं गुणोत्तर निवडलं की सर्वो जवळजवळ पूर्ण फिरेल. लांब आर्म लावून एंडपॉइंट (सर्वो किती फिरेल याची ट्रान्समीटरमधली मर्यादा) 60 टक्क्यांवर आणणारे बरेच जण पाहिलेत. त्यात सर्वोची ताकदही वाया जाते आणि बारकावाही.

आता जुळणी. आतला सर्वो जोडलेला ठेवला. बाहेरच्याचा बॉल लिंक (पुशरॉडच्या टोकाचा फिरता सांधा) हॉर्नवरून सोडवला आणि 3 मिमीचा बोल्ट नुसत्या बोटांनी भोकात सरकवून पाहिला. मध्यावर सुळकन गेला. पूर्ण वर केलं तर भोक जवळजवळ 1 मिमी पुढे. पूर्ण खाली केलं तरी त्याच दिशेला तेवढंच. एंडपॉइंट बदलून दोन्ही टोकं जुळवली, तर ट्रान्समीटरची स्टिक अर्ध्यावर असताना बोल्ट अडायला लागला. सगळं जोडून मीटर लावला: एलेरॉन पूर्ण वर, कुठलाही भार नाही, आणि दोन सर्वो मिळून 1.4 अँपिअर खात होते.

पहिली संध्याकाळ मी सर्वोंवर संशय घेण्यात घालवली. दोघांची अदलाबदल केली, फरक तिथेच राहिला. तेव्हा पोलादी पट्टी बिजागरीच्या रेषेवर आडवी धरली आणि कारण समोर दिसलं. आतल्या हॉर्नचं भोक बरोबर रेषेवर होतं. बाहेरच्याचं 2 मिमी मागे. हॉर्नची खाच किटमध्ये आधीच पाडलेली असते, आणि मी ती न मोजता हॉर्न चिकटवून टाकला होता. भोक मागे गेलं की वर आणि खाली जाणारा कोन सारखा राहत नाही. ट्रान्समीटरमध्ये पाच-सात बिंदूंचा कर्व्ह (स्टिकच्या जागेनुसार सर्वोची हालचाल बदलणारी सेटिंग) टाकून हे लपवता येतं, पण यांत्रिक चूक यंत्रातच सुधारावी असं माझं ठाम मत आहे. उद्या रिसीव्हर किंवा ट्रान्समीटर बदलला की तो कर्व्ह राहत नाही, चूक मात्र राहते.

फायबरग्लासचा चिकटलेला हॉर्न काढायचा कसा? सोल्डरिंग आयर्नचं टोक हॉर्नला मिनिटभर टेकवून ठेवलं. इपॉक्सी मऊ पडला तसा पक्कडीने हळूहळू डोलवत हॉर्न बाहेर आला. आजूबाजूचं कव्हरिंग (पंखावरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म) जरा आकसलं, ते नंतर इस्त्रीने बसलं. खाच बारीक कानशीने पुढे वाढवली.

चिकटवताना या वेळी एक सोपी युक्ती केली. 3 मिमीची लांब, सरळ पोलादी सळी दोन्ही हॉर्नच्या भोकांतून आरपार घातली आणि ती बिजागरीच्या रेषेवर समांतर आहे हे दोन ठिकाणी मोजून घेतलं. सळी सहज फिरते म्हणजे दोन्ही भोकं एका उंचीवर आणि एका रेषेत आहेत. मग 30 मिनिटांचा इपॉक्सी भरला, मागची मोकळी फट बाल्साच्या कपच्यांनी बुजवली आणि सळी तशीच ठेवून रात्रभर सोडलं.

तिसऱ्या संध्याकाळी पुशरॉडचा टर्नबकल (त्याची लांबी कमी-जास्त करणारा आटा) अर्धा फेरा फिरवल्यावर बोल्ट पाचही जागी आपोआप उतरला: मध्य, अर्धं वर, पूर्ण वर, अर्धं खाली, पूर्ण खाली. मीटरवर कुठल्याही जागी 0.2 अँपिअरच्या वर आकडा गेला नाही. पंखाला कान लावला, तरी गुणगुण नाही. इतकं बरं वाटलं की स्टिक नुसतीच चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरवत बसलो.

बाकीची प्रगती पटकन सांगतो. इंजिन फायरवॉलवर (नाकातल्या जाड लाकडी भिंतीवर) चढलं, बोल्टना निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक). फायरवॉलला उजवीकडचा थ्रस्ट, म्हणजे इंजिन किंचित उजवीकडे वळवणारा कल, मुळातच दिलेला आहे. इंजिन तिरकं बसलंय असं वाटून वॉशर घालून सरळ करू नका. इग्निशन पुढे आणि रिसीव्हर मागे, थ्रॉटलचा रॉड नायलॉनचा. काउलमधून (इंजिनावरच्या टोपणातून) हवा बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेच्या अडीच ते तीन पट ठेवणार आहे. आत दोन्ही सिलिंडरांच्या फिन्सवरून हवा जबरदस्तीने न्यायला बॅफल (हवा वळवणारे पडदे) लागतील, त्यांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून झालेत. रडरच्या (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या) केबल ओढून घेतल्या, पण त्यांची टोकं पक्की करणारे क्रिंप अजून दाबलेले नाहीत. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, सगळं चढल्यावरच बघेन. एलिव्हेटरचे (नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या झडपांचे) सर्वो शेपटीत असल्यामुळे बॅटऱ्या बहुतेक पुढे सरकवाव्या लागतील.

उजव्या पंखाचे हॉर्न सुदैवाने अजून चिकटवले नव्हते. ते कोरडेच बसवून सळी घातली, तर बाहेरच्या हॉर्नपाशी अडली. तिथे फरक जेमतेम 1 मिमीचा निघाला. खाच कानशीने सारखी केली, मघाशी इपॉक्सी भरला, सळी आत आहे. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला हात लावणार नाही.