डाल्सलांदमधलं तळ्याकाठचं घर आणि सांगलीहून येणारी माणसं

या जूनमध्ये आई-बाबा, दादा-वहिनी आणि दोन्ही भाचरं आमच्याकडे स्वीडनला, गोथेनबर्गला येताहेत. त्यातला एक आठवडा आम्ही दहाही जण डाल्सलांद या इथल्या प्रांतात, जंगलातल्या एका तळ्याकाठच्या लाकडी घरात राहणार आहोत. हे कळल्यावर सांगलीतल्या बऱ्याच जणांनी आईला विचारलं, "एवढ्या लांब जाऊन जंगलात काय राहायचं? स्टॉकहोम बघा की!" स्टॉकहोम सुंदरच आहे. पण जुलैत तिथली माणसंच शहरात नसतात, ती आपापल्या 'स्टूगा'त, म्हणजे सुट्टीच्या घरात गेलेली असतात. साधारण एक कोटी लोकसंख्येच्या या देशात सहा लाखांच्या आसपास सुट्टीची घरं आहेत. आमच्या शेजारच्या आजी वर्षभर ज्या दिवसांची वाट बघतात ते तिथले. माझ्या माणसांनी हा देश तिथूनच बघावा असं मला मनापासून वाटतं.

तुमची मुलं-सुना इकडे असतील आणि असा बेत शिजत असेल, तर घराचा फोटो सगळ्यात शेवटी बघा. फोटोत सगळीच घरं सारखी दिसतात: तांबडा रंग, पांढऱ्या चौकटी, पुढे पाणी. (हा तांबडा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून येतो. खाण 1992 साली बंद झाली, पण तिथल्या मातीपासून रंग अजून बनतो.) घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला तिथे सोसेल का, एवढंच आधी बघायचं. बाकीचे कुठेही राहतात.

पहिला पेच तारखांचा. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि इथल्या शाळा सुटतात त्याच सुमाराला. मे महिन्यात भाचरं मोकळी असतात, पण माझ्या मुलांची शाळा असते आणि तळ्याचं पाणीही बर्फासारखं गार असतं. जुलैत सगळा स्वीडन सुट्टीवर, त्यामुळे चांगली घरं हिवाळ्यातच संपलेली असतात. ऑगस्ट मला सगळ्यात आवडतो. तेव्हा पाणी कोमट झालेलं असतं, जंगलात ब्लूबेरी पिकलेली असते, इथल्या शाळा सुरू झाल्या की भाडीही उतरतात. पण तेव्हा भाचरांची शाळा ऐन भरात असते. शेवटी इथली शाळा सुटल्यावरचा पहिला शनिवार धरला. भाचरांचे शाळेचे सुरुवातीचे काही दिवस बुडतील, आणि ते बुडवायला दादा तयार झाला याचा मला फार आनंद आहे. मोसमात ही घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतात, मधल्या वारी येऊन मधल्याच वारी निघता येत नाही. विमानाची तिकिटं त्या हिशोबाने काढायची.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, पंधरा दिवस आधी तर करावाच लागतो. मोठ्यांना फी 90 युरो. विमा कमीत कमी 30,000 युरोंचा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, त्यामुळे हे काम आम्ही घर ठरल्या ठरल्या हातात घेतलं.

आता घराबद्दल, आणि त्यातही आधी संडासाबद्दल, कारण सगळ्या बेताचं तिथे अडतं. जंगलातल्या बऱ्याच घरांत पाण्याचा संडास नसतो. कुठे अंगणापलीकडे लाकडी खोपटं असतं, कुठे घरात कोरडा संडास असतो. त्यात मैल्याचं खत होतं, वरून लाकडाचा भुसा टाकतात. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण अशा संडासात पाणी ओतून चालत नाही, खताची प्रक्रिया बिघडते आणि वास सुटतो. आपल्या माणसांना पाण्याशिवाय जमत नाही, जमवूनही घेऊ नये. शिवाय बाबांचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. म्हणून घरात पाण्याचा संडास आणि तोही तळमजल्यावर, ही पहिली अट. या एका अटीवर निम्म्याहून अधिक घरं यादीतून गळाली. टमरेल आपणच न्यायचं, ते मात्र कुठल्याच घरात नसतं.

दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. जाहिरातीत 'पाणी आहे' असं लिहिलेलं असलं तरी ते कुठलं, हे विचारा. काही घरांत उन्हाळ्यापुरती तळ्यातून पंपाने ओढलेली नळी असते. त्या पाण्याने भांडी घासता येतात, ते प्यायचं नसतं. आमच्या घराला स्वतःची बोअर आहे. विजेचंही तसंच. कुठे फक्त सोलर पॅनेलवर चार दिवे लागतात, तिथे मिक्सर चालणार नाही. शेगडी कसली हेही विचारून ठेवा, कारण इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. झोपायच्या जागा मोजताना पोटमाळा वजा करा. तिथे शिडीने चढावं लागतं, ती जागा मुलांची. आमच्या मुख्य घरात सहा जण झोपतील आणि अंगणातल्या छोट्या खोलीत चार. चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं आपलं न्यायचं. निघताना घर झाडून-पुसून द्यायचं. मालक आपल्या आजोबांचं घर आपल्या हाती देतो, तेव्हा ते नीटच द्यावं.

बहुतेक जुन्या घरांत लाकडावरची बिडाची शेगडी असते आणि ती पेटवण्याची एक रीत आहे. धुराड्याची झडप आधी उघडायची, मग जाळ करायचा. शेवटचा निखारा विझेपर्यंत झडप बंद करायची नाही, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरात कोंडतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळतही नाही. आई मागे आली होती तेव्हा ही शेगडी तिने पाहता पाहता ताब्यात घेतली. मालकाने टोपलीत बर्चच्या सालीचे पापुद्रे ठेवले होते. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्याच कुळातलं झाड, त्याची साल ओलसर असली तरी तेल असल्यासारखी पेटते. आईने एक पापुद्रा सोलला, वास घेतला, दोन बोटांत चुरगळून बघितला, बारीक ढलप्यांच्या मधोमध खोचला आणि एका काडीत जाळ धरला. मग दार किंचित किलकिलं ठेवून ती आवाज ऐकत बसली. लहानपणी कवठे महांकाळला आजोळी चुलीपुढे बसलेली ती मुलगी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. यंदा भाचीला ती हे शिकवणार आहे.

जेवणाचं सामान निघतानाच भरायचं, कारण जवळचं दुकान वीस किलोमीटरवर आहे. त्या आठवड्यात मिडसमर, म्हणजे इथला उन्हाळ्याचा मोठा सण येतो. त्याच्या आदल्या दिवसाला, म्हणजे 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारला, इथे दिवाळीच्या पहिल्या दिवसाचं महत्त्व आहे. दुकानं एक तर लवकर मिटतात किंवा उघडतच नाहीत. गावच्या मैदानात पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे त्याच्याभोवती फेर धरतात. कुणीही सामील व्हावं, कुणी विचारत नाही. नवे बटाटे, शेपू आणि स्ट्रॉबेरी हे त्या दिवसाचं जेवण, ते आमच्या घरी सगळ्यांना चालतं. हेरिंग मासा ज्याला हवा त्याला.

सांगलीहून काय आणायचं याची यादी वहिनीला दिली आहे: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं. काय आणायचं नाही याची यादी त्याहून महत्त्वाची. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यात पेढे आले, खवा आला आणि आईचं घरचं तूपही आलं. ताजा कढीपत्ता आणि आंबेही फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय (कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय) आणता येत नाहीत. फळांमध्ये सवलत फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. तूप मी इथेच बिनमिठाच्या लोण्याचं कढवते, ते उत्तम होतं. ताकाच्या जागी फिल्मयोल्क घेते, कढीही तिचीच करते.

जंगलाबद्दल भीती घालायची नाही, पण गोचिडीची गोष्ट गंभीरपणे घ्यायची. वेनर्न या मोठ्या सरोवराच्या आसपासच्या भागात गोचिडीतून बोरेलिया आणि टीबीई (मेंदूला सूज आणणारा) असे दोन आजार पसरतात. टीबीईवर लस आहे, पण तिचे डोस महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात, म्हणून डॉक्टरांशी खूप आधी बोलावं. बोरेलियावर लस नाही, पण अँटिबायोटिकने तो बरा होतो. चावल्याच्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर दाखवायचं. रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे आणि केसांत बघायचं, गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून ओढायची. लांब बाह्यांचे कपडे डासांसाठीही हवेतच, जूनमध्ये तळ्याकाठी डास भरपूर असतात.

आणि मग ते जंगल! इथे 'आलेमान्सरेट्टेन' आहे, म्हणजे कुणाच्याही मालकीच्या रानातून चालण्याचा, तळ्यात पोहण्याचा, रानमेवा वेचण्याचा सगळ्यांचा हक्क. 1994 सालापासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. लोकांच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही, पिकातून जायचं नाही, कचरा मागे ठेवायचा नाही, एवढंच पाळायचं. मासेमारी मात्र त्यात येत नाही, आपल्या तळ्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. आणि कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते. 2018 साली इथे जंगलंच्या जंगलं जळाली होती, तेव्हापासून लोक ती फार काटेकोर पाळतात. निघण्याआधी त्या तालुक्याची सूचना बघायची.

आठवड्याचे बाकी दिवस मी मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. सूर्य रात्री दहानंतर मावळतो, चारच्या सुमाराला पुन्हा उगवतो, त्यामुळे मुलं झोपायचं नाव घेणार नाहीत. खिडक्यांना लावायला गडद कापड घेतलं आहे. एकच सहल ठरवली आहे, ती बाबांसाठी. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. डाल्सलांदचा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर लांब, पण त्यातला खोदलेला भाग जेमतेम दहा-बारा किलोमीटर, बाकी सगळी तळी एकमेकांना जोडलेली. या कालव्यावरच्या हॉवेरूदला धबधब्यामुळे आणि ठिसूळ कातळामुळे लॉक (बोटी वर-खाली न्यायचे दरवाजांचे हौद) बांधता येईना, तेव्हा नील्स एरिक्सन या इंजिनिअरने नदीच्या वरून लोखंडी जलसेतू नेला. 1868 साली तो सुरू झाला. सुमारे 33 हजार रिव्हेटांनी जोडलेल्या त्या पन्हाळीतून आजही बोटी जातात, आणि खाली नदी फेसाळत असते. बाबा तिथे अर्धा दिवस काढतील, हे मी आत्ताच सांगते.

बाबा कृष्णेत पोहायला शिकले, त्यामुळे पाण्याची भीती त्यांना नाही. पण जूनमध्ये तळ्याचं पाणी पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतं, आणि रक्तदाबाच्या माणसाने त्यात उडी मारणं चांगलं नाही. एकदम गार पाण्यात गेलं की श्वास अडकतो. म्हणून धक्क्याच्या शिडीने, हळूहळू, कुणीतरी सोबत असताना. काठावर लाकडाने तापवायची सौना (घाम काढायची गरम खोली) आहे, बाहेर आल्यावर तिथे अंग शेकून घेता येईल. माझ्या मुलांना पोहता येतं, इथल्या शाळेत सहावीपर्यंत 200 मीटर पोहता येणं सक्तीचंच आहे. भाचरांना तेवढं येत नाही. घराबरोबर वल्ह्याची होडी मिळते, लाइफ जॅकेटंही मिळतात, पण ती बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात आणि सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं. जॅकेट मुलाच्या वजनावर घ्यायचं, आणि ते होडीतच नव्हे तर धक्क्यावर पाय ठेवल्यापासून अंगावर हवं. मालकीणबाईंनी मापं मागवली आहेत. दादाला कालच मेसेज टाकलाय: दोघांना काट्यावर उभं कर आणि वजनं कळव, अंदाजाने सांगू नकोस.