पाण्याला तोंड लावंना

दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, कोकणच्या वाटेला लागतात आणि आम्हा पशुवैद्यांचे फोन अवेळी वाजू लागतात. बहुतेक मेंढरांसाठी. त्या पहाटे घोडीसाठी वाजला.

नीरेच्या अलीकडे एका रानात वाडा उतरला होता. बिऱ्हाड बांधून तयार, आणि तांबडी घोडी मात्र सारखी बसत-उठत, वळून वळून कुशीकडे बघत होती. पोटशूळ. नाडी मिनिटाला 60; निरोगी घोड्याची 28 ते 44 असते. हिरड्या कोरड्या. स्टेथोस्कोप लावला तर आतडं जवळजवळ गप्प.

विचारपूस केली ती घरच्या कर्त्या माणसाकडे. चारा? कडबा. पाणी? "पाजलं की." घोडीच्या आयाळीत हात घालून उभी असलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरगी म्हणाली, "न्हाई ताई. परवापस्नं पाण्याला तोंड लावंना. हितल्या टाकीला औषधाचा वास येतोय." वडील म्हणाले, "तू गप." आणि मीही पुढचा प्रश्न वडिलांनाच विचारला. हे मला अजून टोचतंय.

हात घालून तपासलं तेव्हा मोठ्या आतड्यात कोरड्या लिदीचा घट्ट गोळा लागला. पोरगी बरोबर होती.

घोड्याला ओकता येत नाही. तुंबलं तर जठर फुटू शकतं. म्हणून नाकातून नळी घालून आधी काही उलट येतंय का बघायचं, मगच पॅराफिनचं तेल आणि कोमट पाणी सोडायचं. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर आपणच जनावर मारलं. नीट गिळली, तर मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून ती सरकताना दिसते. तेवढ्या हालचालीवर डोळे लावून बसावं लागतं. आमच्याकडची साधनं गाई-म्हशींच्या मापाची, ही नळी मी पगारातून घेतली आहे. एरवी दोन गडी आणि ओठाला दोरीचा पीळ लागतो. पोरीनं पीळ घालू दिला नाही. घोडीचा डोळा तळव्यानं झाकला, गालाला गाल लावला आणि जिभेनं हळू टकटक करत राहिली. घोडीनं नळी गिळली.

ही भीमथडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यात, दख्खनी तट्टांशी अरबी, तुर्की घोड्यांचा संकर करून मराठ्यांच्या घोडदळासाठी वाढवलेली जात. थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी. राज्यगीतात आपण सगळे उभं राहून तिचं नाव घेतो. जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोत स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही झाली आहे. पण फौजा गेल्यावर ती जगवली धनगरांनी, पाठीवर भांडीकुंडी, कोकरं आणि लेकरं लादून. तरी कागदावर आम्ही अजून 'गावठी' लिहून मोकळे होतो.

दुपारी मेंढरं पुढं गेली. पोरगी हलली नाही. लांबच्या विहिरीवरून कळशीनं पाणी आणत राहिली. सांजेला घोडीनं पहिल्यांदा तोंड बुडवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोचले तेव्हा पोरगी लिदीचा गोळा हातात फोडून बघत होती. "ओली हाय, ताई." तेलानं चकाकत होती. नाडी 40.

ऊन चढायच्या आत ती वाड्याच्या मागावर निघाली. घोडीला दावं नव्हतं, लगाम नव्हता. पोरीच्या खांद्याशी तोंड धरून चालत होती.

केसपेपरवर 'माहिती देणारा' या रकान्यात वडिलांचं नाव होतं. ते खोडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की पोरीचं नाव मी विचारलंच नव्हतं.