पाथरी ओळखीची झाली

गेल्या दिवाळीत सोलापूरहून सासूबाई आल्या होत्या. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या फरश्यांच्या फटीत पिवळी फुलं उगवतात, तिथे त्या एकदम थांबल्या. "अगं, ही तर पाथरी! खुरपायला गेलं की बांधावर बसून भाकरीसंगं कच्चीच खायचो आम्ही." मग लगेच, "इथली मात्र नको हं. गाड्यांचं तेल, कुत्री, काय काय असतंय."

ही भाजी आपल्यालाही ओळखता यायलाच हवी, असं मला त्या क्षणी वाटलं.

त्या गेल्यावर मी वेताळ टेकडीवरून जमिनीला चिकटलेला एक पानांचा झुपका आणला आणि व्हिडिओ कॉलवर दाखवला. "ते टाक आधी आणि हात धू! गाजरगवत आहे ते." भारतात या तणाचा फैलाव पहिल्यांदा लक्षात आला तो १९५५च्या सुमारास आपल्या पुण्यातच. कोवळं असताना तेही पाथरीसारखंच जमिनीला चिकटून पसरतं. पण त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली, लवदार असतात, आणि तोडली तरी दूध येत नाही. कित्येकांना त्याच्या नुसत्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठतं.

त्यामुळे पुढचे दोन महिने मी नुसती बघत राहिले. पाथरीचं पान गुळगुळीत असतं आणि कडेला बारीक पांढरट दाते असतात. देठ मोडला की दूध येतं. पण दुधावर विसंबू नये, दूध रुईलाही येतं आणि ती विषारी आहे. खरी खात्री पटली ती फुलाने. भिंगाखाली एक 'पाकळी' उपटली, तर ते अख्खं छोटं फूल निघालं, टोकाला पाच इवले दात असलेलं. पूर्ण फूल अशाच पट्ट्यांचं, मध्ये वेगळी चकती नाही. शेजारच्या एकदांडीला मध्ये पिवळी चकती आणि कडेला मोजक्याच फिकट पाकळ्या असतात. पाथरीचं फूल वाळलं की पांढऱ्या म्हाताऱ्या उडतात. शेवटी फुला-मुळासकट एक रोप वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंना दाखवलं. त्यांनी शास्त्रीय नाव सांगितलं, लॉनिया प्रोकम्बेन्स, सूर्यफुलाच्या कुळातली. मग माझी शंका फिटली.

जानेवारीत नणंदेच्या सासवडजवळच्या शेतात हरभऱ्याच्या कडेला पाथरी भरपूर होती. औषध फवारलेलं नाही, हे आधी विचारून घेतलं. अजून फुलावर न आलेल्या रोपांचीच पानं खुडली, कारण फूल आलं की कडवटपणा वाढतो. घरी तीन पाण्यांनी धुतली. पहिल्या दिवशी फक्त चार पानं, मीठ लावून. आधी हिरवीगार, काकडीसारखी चव आली आणि मग जिभेच्या मागे मेथीपेक्षा सौम्य कडू. दुसऱ्या दिवशी काही त्रास नाही, तेव्हा मूठभर चिरली, वर शेंगदाण्याचं कूट, कच्चं तेल, मीठ, आणि सोबत ज्वारीची भाकरी नि चिरलेला कांदा. मुलाने दोनदा मागून घेतली!

ताटाचा फोटो सासूबाईंना पाठवला. लगेच फोन आला.

"कांदा चिरलास होय? बुक्कीनं फोडायचा असतो गं."